महागडे ऑइल आणि ‘ताकदीची’ बाटली : फायदा गाडीचा की दुकानाचा?

गाडीच्या ऑइलविषयी एका कापडवाल्याने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या धंद्यात गाडी ही दुकानाइतकीच महत्त्वाची आहे. भिवंडीला माल उचलायचा, मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून ओतूर-जुन्नर गाठायचे आणि मग नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या बाजारांत तो विकायचा, यातच आमची पंचवीस-तीस वर्षे गेली. कापडात जे कमावले, त्यातला मोठा हिस्सा डिझेल, टायर आणि गॅरेज यांनी परत नेला. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलण्याचा हक्क आम्हाला आहे, असे आम्ही समजतो.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा आळेफाट्याच्या कांदा बाजारात पहाटे उभे राहून पाहा. पिकअप आणि छोट्या हत्तींची रांग लागलेली असते. त्यातल्या कितीतरी गाड्या हप्त्यावर घेतलेल्या, आणि त्या गाडीवरच घर चालते. घोडेगावहून डिंभ्यामार्गे भीमाशंकरकडे चढणाऱ्या प्रवासी जीपगाड्यांचीही तीच गोष्ट. या गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री, डेंटर, वायरमन यांत आपल्या समाजाचे कारागीर पुष्कळ आहेत, आणि गाडीवाल्या व्यापाऱ्यांतही आहेत. म्हणजे बाटली विकणाराही आपला आणि विकत घेणाराही आपला. म्हणूनच हा विषय या पानावर यायला हवा, असे आम्हाला वाटते.

आज कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जा. काउंटरवर साध्या ऑइलच्या दुप्पट-तिप्पट किमतीचे ‘प्रीमियम’ डबे असतात आणि त्यांच्या शेजारी लहान लहान बाटल्या. एक इंजिनात ओतायची, एक डिझेलच्या टाकीत ओतायची. इंजिनाची ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल, आवाज बंद होईल, झिजलेले इंजिन पुन्हा नवे होईल, असे त्यावर लिहिलेले असते. प्रश्न असा की, यात खरे किती?

आमचा स्वतःचा तजुर्बा

२०११ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या मालाच्या गाडीचे इंजिन टकटक वाजू लागले. एका दुकानदाराने (नाव सांगण्याची गरज नाही) साडेचारशे रुपयांची बाटली दिली. आतले द्रव्य मधासारखे घट्ट. इंजिनात ओतले आणि खरोखर, दोन दिवसांत आवाज निम्म्यावर आला. आम्ही खूश झालो, चार जणांना ती बाटली घ्यायलाही सांगितले.

तीन आठवड्यांनी डिसेंबरच्या एका पहाटे गाडी सुरूच होईना. जुन्नरची थंडी वाचकांना माहीत आहे. स्टार्टर घरघरत राहिला, बॅटरी बसली, आणि त्या दिवशीचा बाजार बुडाला. शेवटी मंचरच्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी वरचे झाकण उघडले, टॅपेटची फट मोजली, ती नीट केली आणि एवढेच म्हणाले, “भाई, तुम्ही आवाज दाबला होता, आजार तसाच होता.” ते घट्ट झालेले ऑइल काढून त्यांनी पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचे साधे ऑइल भरले. त्यानंतर ती गाडी आणखी सहा वर्षे चालली.

आता शरमेची गोष्ट सांगतो. उस्तादांनी तासाभराच्या कामाचे दीडशे रुपये सांगितले, तर आम्ही घासाघीस करून सव्वाशे दिले. जी बाटली निरुपयोगी ठरली तिचे साडेचारशे एका शब्दात मोजले होते. ज्या हाताने खरे काम केले त्याचे पंचवीस रुपये कापले. ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षातही आली नाही. लेखाच्या शेवटी आम्ही तिच्याकडे पुन्हा येणार आहोत.

कापडवाल्यांना यातले मर्म लगेच कळेल. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला जाड, भरीव लागते. गिऱ्हाईक चिमटीत धरून खूश होते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि मच्छरदाणी हातात उरते. घट्ट करणारी बाटली म्हणजे इंजिनाची खळ आहे. ती झिजलेल्या भागांचा आवाज झाकते, झीज भरून काढत नाही. लोखंडातून गेलेले लोखंड कोणत्याही बाटलीतून परत येत नाही.

ऑइलच्या डब्यावर काय वाचावे

इंजिनात फिरणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर ठेवणे, उष्णता वाहून नेणे, काजळी आणि कचरा धरून ठेवणे, गंज रोखणे, ही ऑइलची कामे. यासाठी लागणारी रसायने कारखान्यातच मिसळलेली असतात. तयार इंजिन ऑइलमध्ये साधारण दहा ते वीस-पंचवीस टक्के भाग अशा रसायनांचाच असतो. झीज रोखणारे, मळ धुणारे, फेस होऊ न देणारे, असे ते सारे एका मापात बसवलेले असतात. त्यात वरून आणखी एक बाटली ओतणे म्हणजे रंगाऱ्याने मापून तयार केलेल्या रंगाच्या पातेल्यात दुसऱ्याने येऊन आणखी पुडी टाकण्यासारखे आहे. रंग सुधारण्यापेक्षा बिघडण्याचा संभव अधिक. गाड्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तकात वेगळे काही मिसळू नका असेच सांगतात, ते याच कारणाने.

डब्यावर दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली ग्रेड. उदाहरणार्थ २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०. यातील पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो; आकडा जितका लहान तितके थंडीत वाहणे सोपे. दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावर, म्हणजे १०० अंश तापमानाला, तेल किती जाड राहते ते सांगतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे आहे.

दुसरी गोष्ट दर्जाची. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेची ‘एपीआय’ ही खूण जगभर चालते. पेट्रोल इंजिनासाठी अक्षरांची सुरुवात ‘एस’ने आणि डिझेलसाठी ‘सी’ने होते. पेट्रोलमध्ये ‘एसएल’ २००१ चा, ‘एसएन’ २०१० चा आणि ‘एसपी’ २०२० चा दर्जा आहे. डिझेलमध्ये ‘सीएच-४’ १९९८ चा, तर ‘सीके-४’ २०१६ चा. डब्यावर वाघ, बाण किंवा शर्यतीची मोटार कितीही मोठी छापलेली असो, खरी किंमत या लहान अक्षरांत असते. कापडाच्या थानावरचे चित्र पाहून नव्हे, तर सुताचा काउंट आणि वीण पाहून आपण भाव करतो ना? तोच नियम येथेही लावावा.

‘सिंथेटिक’ या शब्दाविषयीही सावध राहावे. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन मोठ्या कंपन्यांचा या शब्दावरून वाद झाला. रासायनिक रीतीने जोडून बनवलेल्या तेलालाच सिंथेटिक म्हणावे, की खनिज तेलावर भारी प्रक्रिया करून काढलेल्या तेलालाही म्हणता येईल, असा तो वाद होता. तेथील जाहिरातविषयक मंडळाने दुसऱ्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या प्रकारचे तेल वाईट असते असे नाही, ते उत्तम असू शकते. पण शुद्ध रेशीम आणि आर्ट सिल्क या दोहोंना ‘सिल्क’च म्हटले तर गिऱ्हाईकाने केवळ शब्दावर भाव देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

जाहिरात आणि पुरावा

बाटल्यांचे दावे तपासले गेले आहेत काय? होय. जेथे ते तपासले गेले तेथे काय निघाले ते पाहू. ‘स्लिक ५०’ नावाची बाटली अमेरिकेत फार खपत होती. ही बाटली न ओतल्यास गाडी सुरू करताना इंजिनाला पुरेसे संरक्षण मिळत नाही, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. १९९६ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात खोटी आणि निराधार ठरवून तक्रार दाखल केली. साधे चांगले ऑइलच बहुतेक इंजिनांना सुरुवातीला पुरेसे असते, असे कमिशनचे म्हणणे होते. १९९७ साली तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय असे दावे करण्यास कंपनीला मनाई झाली. २००० साली ‘ड्युरा ल्यूब’ या दुसऱ्या बाटलीच्या बाबतीतही कमिशनची कारवाई अशाच तडजोडीत संपली.

त्याच १९९६ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या अमेरिकन मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर घेतलेली परीक्षा प्रसिद्ध केली. नव्याने बांधलेली इंजिने घालून प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर, चालवली. वेगवेगळ्या कंपन्यांची ऑइल वापरली, नंतर इंजिने उघडून झीज मोजली. एका कंपनीचे ऑइल दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस निघाले नाही. अर्थात ती सर्व ऑइल ठरलेल्या दर्जाचीच होती, आणि टॅक्सी दिवसभर चालत असल्याने गार इंजिन सुरू करण्याचे प्रसंग कमी येतात, हेही लक्षात घ्यावे. पण रोज धावणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना यातून मिळणारा धडा साफ आहे. दर्जा योग्य असेल तर डब्यावरच्या नावासाठी जादा पैसे मोजून विशेष काही हाती लागत नाही.

पुराव्यासाठी अमेरिकेतच जायला हवे असे नाही. वाहने आणि इंजिने तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्याच पुण्यात आहे. बाटली विकणाऱ्या एजंटाला शांतपणे विचारावे : अशा एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आहे काय? कोणत्या इंजिनावर, किती तास चाचणी झाली? अहवाल दाखवला तर जरूर वाचावा. ‘अमक्या शेठने वापरली, तो खूश आहे’ हा अहवाल नव्हे. आम्हीही तीन आठवडे खूशच होतो!

महाग ऑइल कोठे आवश्यक आहे

याचा अर्थ स्वस्तात स्वस्त ऑइल भरावे, असा कोणी घेऊ नये. ती चूक बाटलीहून महाग पडेल. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतील अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. अशा गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते. जुन्या सवयीने कोणी साधे ऑइल भरले तर त्याची राख त्या जाळीत साचत जाते, आणि ती जाळी बदलण्याचा खर्च ऐकून भल्या माणसालाही घाम फुटतो. टर्बोच्या गाडीला, विशेषतः घाटात माल चढवताना, उष्णता सहन करणारे ऑइल हवे. पुस्तकात सिंथेटिक लिहिले असेल तर तेच भरावे. तेथे काटकसर करू नये.

उलट, पुस्तकात पातळ ग्रेड सांगितली असताना ‘घाट आहे, जाड भरा’ म्हणून जाड ऑइल भरणेही नुकसानीचे आहे. अमेरिकन सरकारच्या इंधनविषयक खात्याच्या सल्ल्यानुसार योग्य ग्रेड वापरल्याने इंधनात एक ते दोन टक्के बचत होऊ शकते. हिशेब करून पाहू. गाडी लिटरला १२ किलोमीटर चालत असेल, तर १०,००० किलोमीटरला ८३३ लिटर डिझेल लागते. एक टक्का म्हणजे ८ लिटरच्या वर. लिटरचे ९० रुपये धरले तरी सुमारे साडेसातशे रुपये झाले. हे पैसे कोणतीही बाटली न घेता, केवळ पुस्तक वाचून वाचतात.

मोटारसायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून वाड्या-वस्त्यांवर फेरी करणाऱ्या आपल्या भावांसाठी एक खास सूचना. मोटारीचे महाग ऑइल मोटारसायकलला भारी पडेल, असे समजून काही जण ते भरतात. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्ये असली तर क्लच घसरू लागतो, इंजिन ओरडते आणि गाडी चढत नाही. मोटारसायकलच्या डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहावी. येथे महाग माल चुकीच्या जागी गेला की तोच नुकसान करतो.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. डिझेल गाडीचे ऑइल लवकर काळे झाले म्हणजे ते खराब होते, असे सांगून पुष्कळदा महाग डबा गळ्यात मारला जातो. मळके कपडे धुतल्यावर साबणाचे पाणी काळे होते, तेव्हा आपण साबणाला दोष देतो काय? ऑइल काजळी धरून ठेवते म्हणून काळे होते. ऑइल बदलायचे ते किलोमीटर आणि महिने पाहून, फिल्टरसह, वेळेवर.

डायरी ठेवा

बाटलीने ॲव्हरेज वाढल्याचे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. होते असे की, गाडी गॅरेजला जाते तेव्हा बाटलीबरोबर नवे ऑइल पडते, ऑइल फिल्टर बदलतो, धुळीने भरलेला एअर फिल्टर साफ होतो, टायरात हवा भरली जाते. शिवाय पैसे खर्च केल्यामुळे मालक चार दिवस गाडी जपून चालवतो. ॲव्हरेज वाढते ते या सर्वांमुळे, आणि श्रेय बाटली घेऊन जाते.

म्हणून साधी युक्ती सांगतो. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहावे, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरून लिटर लिहावेत. निदान पाच-सहा वेळा, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालावर. एका वेळी एकच बदल करावा. जो व्यापारी मीटरभर कापडाचा हिशेब ठेवतो, त्याने शेकडो लिटर डिझेलचा हिशेब ठेवू नये, हे बरे नव्हे.

खरेदीतही दक्षता हवी. सील पाहावे, छापील किंमत, बॅच आणि तारीख पाहावी, पक्की पावती घ्यावी. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, नाहीतर त्याच डब्यात भेसळीचे ऑइल भरून ते पुन्हा बाजारात येऊ शकते. खोट्या दाव्यांची तक्रार करायची असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती. बाटलीवर गॅरेजवाल्याला कमिशन असते, हे उघड गुपित आहे. त्यावरून मिस्त्रींना नावे ठेवणे सोपे आहे. पण आम्ही आमच्या त्या पंचवीस रुपयांकडे पाहतो तेव्हा आमची जीभ वळत नाही. बाटलीवर किंमत छापलेली असते म्हणून आपण ती निमूट देतो. हुनराची किंमत कोठे छापलेली नसते म्हणून ती कापतो. दहा वर्षे ग्रीसमध्ये हात घालून ज्याने टॅपेटचा आवाज ओळखायला शिकले, त्याला आपण सांगतो, ‘नुसता पाना तर फिरवलास!’ मग त्याने घर कशावर चालवावे? आपणच त्याला कारागिराचा दुकानदार बनवले आणि मग तो बाटली विकतो म्हणून ओरडतो.

जुन्नर हे कारागिरांचे गाव आहे. येथल्या कागदी लोकांनी हाताने बनवलेला जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला जात होता. तो हुनर मानला गेला, त्याला दाम मिळाला, तोवर तो टिकला. गॅरेजचा हुनरही तसाच आहे.

म्हणून आमची दोन्ही बाजूंना विनंती आहे. मिस्त्री बांधवांनी मजुरीचे दर फळ्यावर लिहून लावावेत. कोणते ऑइल, कोणती ग्रेड, किती किलोमीटरला भरले, याची चिठ्ठी गिऱ्हाईकाला द्यावी. काढलेला जुना भाग दाखवावा. गरज नसेल तेथे ‘ही बाटली नको’ असे स्वतः सांगावे. त्या एका शब्दाने जे गिऱ्हाईक बांधले जाते ते कमिशनने बांधले जात नाही. मालातला ऐब झाकू नये, हे आपल्याला घरातच शिकवलेले असते. आणि आपण व्यापाऱ्यांनी, गाडीवाल्यांनी, त्या फळ्यावरची मजुरी न कापता द्यावी. वर्षाला ज्या दोन-चार बाटल्या वाचतील, त्यांचेच पैसे त्यासाठी पुरतील.

मंचरचे ते उस्ताद आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा तेच गॅरेज चालवतो. आमची गाडी तेथेच जाते, आणि तो जी मजुरी सांगतो ती आम्ही देतो.